अल-नंतरची आडवी रेघ

गुरुवारी रात्री अकराला हात घातला.
सोहारच्या या दवाखान्यात शुक्रवारी वर्दळ नसते.
शिहाबने फ्लास्कमधून करक चहा ओतला.
तालीम तीनदा झाली होती, तिन्ही वेळा चोख.
(तालीम जुन्या यंत्रावर झाली होती.
हे वाक्य तेव्हा मी कंसातच ठेवलं.)

म्हटलं एका रात्रीत दोन्ही उरकू,
डेटाबेसही नवा, त्याच्याखालची सिस्टीमही नवी.
कौलं बदलायला माणसं आलीच आहेत
तर पायाही उकरून घ्या, तसं.

एक चाळीसला पडद्यावर हिरवी ओळ: यशस्वी.
मोजून पाहिलं.
जुन्यात एक लाख बारा हजार चारशे सहा रुग्ण,
नव्यात एक लाख बारा हजार चारशे सहा.
वाटेत एकही माणूस सांडला नाही, मी म्हणाले,
आणि दार उघडून बाहेर आले.
समुद्राकडच्या दमट हवेने चष्मा पांढरा झाला.
गाडीपर्यंत मी अंदाजाने चालले.

शनिवारी पहाटे साडेपाचला फोन.
खमीस अल-मकबाली, वय एकाहत्तर,
चार वर्षं, आठवड्यातून तीनदा,
डायलिसिसच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसणारा माणूस,
आणि संगणक म्हणतो, असा कोणी नाही.
मुलाने नाव अक्षर-अक्षर सांगितलं.
नाही.
काउंटरवरची लिझम्मा नवी नोंद करून मोकळी झाली.
आता खमीस दोन:
एकाकडे चार वर्षांचं रक्त,
दुसऱ्याकडे फक्त आजची सकाळ.
दुसऱ्याला अडवायला जे कुंपण घातलं होतं
त्यालाही पहिला दिसत नव्हता.

सातपर्यंत अल-बलुशी नाहीत.
अल-शिझी नाहीत. अल-फारसी नाहीत.
गंमत बघा, राजन पिल्लै सापडत होता,
मी सापडत होते,
दोन-दोन वर्षांच्या शिक्क्यावर राहणारे आम्ही सगळे
जागच्या जागी.
हरवले ते इथलेच,
ज्यांच्या खजुरांना पणजोबांपासून
त्याच फलजचं पाणी जातं.
नंबरावरून शोधले असते तर सापडले असते.
पण नंबराने कोण कुणाला हाक मारतं?

कारण सांगायला लाज वाटावी इतकं लहान.
अल आणि मकबाली यांच्यामध्ये एक आडवी रेघ.
नावांचा क्रम लावताना जुनी सिस्टीम ती मोजत नसे.
नवी मोजते.
माणसं होती तिथेच होती,
सूची जुन्या क्रमाने रचलेली
आणि शोधणारा नव्या क्रमाने चालणारा.
काखेत कळसा होता,
हात वर कर, असं कुणी म्हटलं नाही.

पुस्तिकेत लिहिलं होतं हे. शेवटच्या परिशिष्टात.
वाचलंही होतं मी.
पिवळं करून ठेवलं होतं.

परत फिरता आलं असतं. बॅकअप होता.
पण शुक्रवारी इथे दोन बाळं जन्मली होती.
गुरुवारात जायचं तर त्यांना
पुन्हा नसल्यात जमा करायचं.
शिहाब काही बोलला नाही. मीही नाही.

नवी सूची बांधायला एकोणीस मिनिटं लागली.
त्याआधी दोन-दोन झालेली तेवीस माणसं
एकेक करून सांधावी लागली,
कुठली ॲलर्जी कुणाची,
कुठल्या खमीसचा रक्तगट खरा,
त्यात दुपारची बांग होऊन गेली.

मग वर गेले.
खिडकीजवळच्या खुर्चीत ते, शेजारी यंत्र,
नळीतून रक्त बाहेर जाऊन परत येत होतं.
शिहाबने अरबीत बरंच काही सांगितलं,
रेघ हवेत बोटाने काढून दाखवली.
ते म्हणाले, मी तर पहाटेपासून इथेच आहे.
मग माझ्याकडे वळून, तुझं नाव काय?
सौदामिनी.
त्यांनी ते उच्चारून पाहिलं,
सौदा,
मध्ये एक श्वास घेतला,
मिनी.

मी दुरुस्त केलं नाही.